आकाश लालच का झालं? अणूच्या जिन्याची गोष्ट

२०२४ च्या मे महिन्यात, १० तारखेच्या रात्री, सूर्याकडून निघालेला विद्युतभारित कणांचा लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला. दोन दशकांतलं ते सगळ्यात जोरदार भूचुंबकीय वादळ. एरवी ध्रुवांच्या आसपास दिसणारा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, त्या रात्री पार खालच्या अक्षांशांवरून दिसला. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीसुद्धा क्षितिजालगतची लाल आभा टिपली. फोटो सगळीकडे फिरले आणि त्यांच्या मागोमाग दोन प्रश्न आले. ध्रुवांजवळच्या फोटोंमध्ये आकाश हिरवंगार असतं, मग इथे नुसतं लाल का? आणि दुसरा, जरा दबक्या आवाजातला: हे रेडिएशन आपल्याला बाधणार तर नाही ना?

पहिला प्रश्न कुतूहलाचा, दुसरा काळजीचा. पण दोन्हींचं उत्तर एकच गोष्ट समजली की मिळतं. अणूतले इलेक्ट्रॉन प्रकाश हवा तेवढा घेत नाहीत आणि हवा तेवढा देत नाहीत. त्यांचा व्यवहार ठरावीक मापांचाच असतो.

## उजेडात हलतं तरी काय?

पाण्यात खडा टाकला की पाणी हलतं. बोललं की हवा हलते. उजेड येतो तेव्हा काय हलतं? सूर्य आणि आपल्यामध्ये तर जवळजवळ काहीच नाही, तरी तिथला उजेड साधारण आठ मिनिटं वीस सेकंदांत येऊन पोहोचतो.

हलतं ते असं. इलेक्ट्रॉनसारखा विद्युतभार असलेला कण थरथरला की त्याच्या भोवतालचा विद्युत प्रभावही थरथरतो. बदलत्या विद्युत प्रभावातून चुंबकीय प्रभाव तयार होतो, बदलत्या चुंबकीय प्रभावातून पुन्हा विद्युत प्रभाव. एकमेकांना जन्म देत ही जोडी निघते ती निघतेच. तिला ना पाणी लागतं, ना हवा. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात हे गणितात मांडलं आणि या जोडीचा वेग काढला. तो आला सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. प्रकाशाचा वेग तोवर प्रयोगांनी मोजलेला होताच, आणि आकडा तोच होता. विजेचा आणि चुंबकाचा हिशोब करायला बसलेल्या माणसाच्या हाती असा अचानक उजेड लागला.

इथे दोन शब्द लागतील. लहरीच्या एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात असे किती उंचवटे समोरून जातात तो आकडा म्हणजे वारंवारता. वेग सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे लांबी कमी झाली की वारंवारता वाढते. डोळ्यांना दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीचा असतो, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जांभळा आखूड, लाल लांब. लालच्या पलीकडे अवरक्त, मग मायक्रोवेव्ह, मग रेडिओ. जांभळ्याच्या अलीकडे अतिनील, मग क्ष-किरण, मग गॅमा. नावं वेगवेगळी असली तरी वस्तू एकच आहे. आपले डोळे तिच्यातली एक बारीकशी फीत वाचतात, एवढंच.

या सगळ्या कुटुंबाला इंग्रजीत ‘रेडिएशन’ म्हणतात, आणि आपली पंचाईत तिथून सुरू होते. मराठीत त्यासाठी ‘प्रारण’ असा चांगला शब्द आहे. पण बातम्यांमध्ये सर्रास ‘किरणोत्सर्ग’ लिहिलं जातं. किरणोत्सर्ग म्हटलं की डोळ्यांसमोर युरेनियम आणि अणुभट्टीच येणार. किरणोत्सर्ग अणूच्या केंद्रकातून, म्हणजे गाभ्यातून होतो. प्रारण मात्र मेणबत्तीतूनही होतं. तुमच्या-माझ्या अंगातूनही ते चोवीस तास चालू असतं, बहुतांशी अवरक्त. अंधारात माणूस दाखवणारे कॅमेरे तेच टिपतात. एका चुकीच्या शब्दाने किती भीती पेरली, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

## उजेड पाकिटांतून येतो

आता पहिली अडचण. लहर म्हटलं की ती हवी तेवढी मंद करता यायला हवी: अर्धी, पाव, शतांश. १९०० मध्ये माक्स प्लांक तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशाचं गणित सोडवत होते. ते काही केल्या जुळेना. शेवटी नाइलाजाने त्यांनी मानलं की ऊर्जेची देवघेव अखंड धारेने होत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी होते. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्याही पुढे जाऊन सांगितलं, की प्रकाश स्वतःच अशा पाकिटांचा बनलेला आहे. या पाकिटाला आता फोटॉन म्हणतात. पाकिटात किती ऊर्जा असणार हे फक्त वारंवारतेवर ठरतं. जांभळ्याचं पाकीट वजनदार, लालचं हलकं, रेडिओचं जवळजवळ रिकामं.

आइन्स्टाइन यांनी हे बोलणं एका कोड्यावरून काढलं. काही धातूंवर प्रकाश पाडला की त्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. पण गंमत अशी, की वारंवारता कमी असलेला प्रकाश कितीही प्रखर करा, एकही इलेक्ट्रॉन उडत नाही. आणि पुरेशा वारंवारतेचा प्रकाश कितीही मंद असो, थोडे का होईना, इलेक्ट्रॉन उडतातच. सहा फुटांची भिंत आहे असं समजा. हजार माणसांनी अर्धा-अर्धा फूट उड्या मारल्या म्हणून भिंत ओलांडली जात नाही. एकानेच सात फूट उडी मारली तर तो पलीकडे जातो. उड्यांची बेरीज होत नाही. प्रखरता म्हणजे माणसांची संख्या आणि वारंवारता म्हणजे प्रत्येकाची उडी. ही भिंत लक्षात असू द्या, पुढे मोबाइलच्या वेळी तिच्यापाशी परत यायचं आहे.

अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांना ही कल्पना अजिबात पटली नव्हती. ती खोटी ठरवायला त्यांनी बरीच वर्षं घालवली, आणि १९१६ मध्ये त्यांच्याच मोजमापांनी आइन्स्टाइनचं सूत्र तंतोतंत खरं ठरवलं. विज्ञानावर माझा विश्वास बसतो तो अशा माणसांमुळे.

## मग रोजच्या उजेडात ही पाकिटं जाणवत का नाहीत?

कारण ती फार लहान आहेत आणि फार आहेत. एक वॅट हिरव्या उजेडात दर सेकंदाला अडीच अब्जांच्या अब्जपटीहून जास्त पाकिटं असतात. वाळूच्या ढिगाकडे लांबून पाहिलं तर कण दिसत नाहीत, तसंच.

‘पण प्रकाश आधी लहर होता, आता कण झाला, नक्की काय?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देण्यात अर्थ नाही. पाकिटं एकेक करून दोन फटींमधून सोडली, तर पडद्यावर एका वेळी एकच ठिपका उमटतो, कणासारखा. पण असे लाखो ठिपके साचले की त्यांतून लहरींचे असतात तसे पट्टे तयार होतात. म्हणजे प्रवास लहरीसारखा, व्यवहार कणासारखा. ‘लहर’ आणि ‘कण’ हे दोन्ही शब्द आपण तळ्यावरून आणि गोट्यांवरून उचललेले. प्रकाशाने त्यातल्या एकात मावावं असं त्याच्यावर बंधन नाही.

## अणूतला जिना

१९११ मध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांनी दाखवलं की अणूच्या मध्यभागी इवलंसं जड केंद्रक असतं आणि इलेक्ट्रॉन बाहेर असतात. चित्र सूर्यमालेसारखं दिसत होतं, पण ते टिकणारं नव्हतं. फिरणारा इलेक्ट्रॉन म्हणजे सतत दिशा बदलणारा विद्युतभार, आणि असा भार प्रकाश सोडणार, हे मॅक्सवेल सांगून गेले होते. मग ऊर्जा गमावत इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळायला हवा, तोही सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत. तसं होत असतं तर हा लेख वाचायला कुणी उरलं नसतं.

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी धाडसी तोडगा काढला. इलेक्ट्रॉनला हवी ती ऊर्जा घेऊन राहता येत नाही; त्याला ठरावीक ऊर्जापातळ्याच उपलब्ध आहेत. जिन्यावर माणूस पहिल्या पायरीवर उभा राहील किंवा दुसऱ्या, पण पावणेदोनाव्या पायरीवर उभा राहू शकत नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना दोन पायऱ्यांतला फरक एका पाकिटात घालून बाहेर टाकायचा. वर चढायचं तर नेमक्या तेवढ्याच फरकाचं पाकीट गिळायचं. आणि सगळ्यात खालच्या पायरीखाली काही नाहीच, त्यामुळे कोसळायचा प्रश्न मिटला.

हायड्रोजनचा जिना बघू. यात मोजायला इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे चिमुकलं एकक वापरतात. त्याची व्याख्या सोडून देऊ. लाल उजेडाच्या पाकिटात साधारण पावणेदोन ते दोन आणि जांभळ्याच्या पाकिटात तीनच्या आसपास असतात, एवढं पुरे. हायड्रोजनच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत १०.२ चा फरक आहे, दुसरी ते तिसरी १.८९, तिसरी ते चौथी ०.६६. म्हणजे तळाशी भली उंच पायरी आणि वर जाल तशा पायऱ्या बुटक्या. पार वर, तळापासून १३.६ उंचीवर जिना संपतो. त्यापुढे इलेक्ट्रॉन अणू सोडूनच जातो. यातली १.८९ ची उतरण म्हणजे ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड. चौथीवरून थेट दुसरीवर उतरलात तर २.५५, म्हणजे ४८६ नॅनोमीटरचा निळसर हिरवा. हायड्रोजनच्या दिव्याचा उजेड लोलकातून पाहिला तर पूर्ण इंद्रधनुष्य दिसत नाही. काळोखात अशा मोजक्या रंगीत रेघा दिसतात. त्यांना वर्णरेषा म्हणतात.

या रेघांचे आकडे एका सूत्रात बसतात हे स्वित्झर्लंडमधले एक शाळामास्तर, योहान बाल्मर, यांनी १८८५ मध्येच शोधलं होतं. का बसतात याची त्यांना कल्पना नव्हती. नुसत्या आकड्यांशी खेळून त्यांनी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या, जिना न बघता.

## पण पायऱ्या मुळात असतातच कशाला?

बोर यांच्याकडे याचं उत्तर नव्हतं. ते १९२० च्या दशकात मिळालं. लुई द ब्रॉय्ली यांनी १९२४ मध्ये सुचवलं की प्रकाश जसा लहर असून कणासारखा वागतो, तसा इलेक्ट्रॉन कण असून लहरीसारखा वागत असणार. दोन वर्षांत एर्विन श्रोडिंगर यांनी त्या लहरीचं समीकरण दिलं.

आता दोन टोकांना ताणून बांधलेली तार आठवा. ती छेडली तर कुठलाही स्वर येत नाही. तिच्या लांबीत पुरी अर्धी लहर बसेल, किंवा दोन अर्ध्या, किंवा तीन. अडीच बसत नाहीत, कारण टोकं बांधलेली आहेत. केंद्रकाच्या ओढीने बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या लहरीचंही असंच. जे आकार नीट बसतात तेवढेच टिकतात, आणि प्रत्येक आकाराची ऊर्जा ठरलेली. पायऱ्या कुणी मुद्दाम बांधलेल्या नाहीत. लहर कोंडली की त्या आपोआप पडतात.

म्हणूनच पाठ्यपुस्तकातलं ते चित्र, मध्ये चेंडू आणि भोवती कक्षांतून फिरणारे मणी, मला खटकतं. सुरुवातीला सोयीचं आहे खरं, पण ते डोक्यातून जाता जात नाही. इलेक्ट्रॉन तिथे घिरट्या घालत नाही, केंद्रकाभोवती ढगासारखा पसरलेला असतो.

यात आणखी एक नियम जोडायचा, १९२५ मध्ये वोल्फगांग पाउली यांनी सांगितलेला: एका जागेवर एकच इलेक्ट्रॉन. खालच्या जागा भरल्या की पुढच्यांना वर बसावं लागतं. केंद्रकाचा भार आणि इलेक्ट्रॉनांची संख्या प्रत्येक मूलद्रव्यात वेगळी, म्हणून प्रत्येकाचा जिना वेगळा. सोडियम ज्योतीत धरलं तर पिवळं, स्ट्रॉन्शियम लाल, तांबं हिरवं. आतषबाजीतले रंग या जिन्यांवरून उतरतात.

## आता त्या लाल आकाशाकडे

जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या वर हवा अतिविरळ असते. तिथे सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूंचे तुकडे करतात, त्यामुळे सुटे ऑक्सिजन अणू भरपूर. वादळात वरून वेगाने येणारे इलेक्ट्रॉन या अणूंवर आदळतात आणि त्यांना जिन्यावर वर ढकलतात.

ऑक्सिजनच्या जिन्यातल्या दोन पायऱ्या आपल्या कामाच्या. एक तळापासून सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच, दुसरी ४.२ उंच. वरच्या पायरीवरून मधल्यावर उतरलं की बाहेर पडतो ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा उजेड. मधल्यावरून तळाला उतरलं की ६३० नॅनोमीटरचा लाल. हिरवा आणि लाल, दोन्ही एकाच अणूचे, एकाच जिन्याचे.

मग एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे लाल का? खरी मेख इथे आहे. अणू सहसा वरच्या पायरीवर फार थांबत नाही. सोडियमचा पिवळा उजेड सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात बाहेर पडतो. ऑक्सिजनच्या या दोन उतरणी मात्र अवघड आहेत, जणू पायऱ्यांना कठडा आडवा आलेला. हिरव्या उतरणीला सरासरी पाऊण सेकंद लागतो. लाल उतरणीला जवळजवळ दोन मिनिटं! अणूच्या जगात दोन मिनिटं म्हणजे युगं लोटली. एवढ्या वेळात शेजारचा कुणी ना कुणी येऊन धडकतो आणि अणू आपली ऊर्जा त्या धक्क्यातच गमावतो. उजेड पडायचा राहूनच जातो.

शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हवा विरळ असली तरी दोन मिनिटं निवांत मिळण्याइतकी नाही. तिथे पाऊण सेकंदाची हिरवी उतरण साधते, लाल साधत नाही. दोनशे किलोमीटरच्या वर मात्र गर्दी इतकी कमी की लाललाही सवड मिळते. म्हणून अरोराचा पडदा खाली हिरवा आणि वर लाल. आणि हजारो किलोमीटर दक्षिणेकडून पाहणाऱ्याला पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या पडद्याचा फक्त वरचा भाग दिसतो, टेकडीआडच्या झाडाचा शेंडा दिसावा तसा. हानलेहून लालच दिसलं ते या साध्या भूमितीमुळे.

हिरवी रेघ कुणाची, हे कोडं सुटायलाही १९२५ उजाडलं. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत ती उमटतच नव्हती. टोरांटोमध्ये जॉन मक्लेनन आणि गॉर्डन श्रम यांनी ती ऑक्सिजनमधून काढून दाखवली.

ज्यांनी त्या रात्री नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि ‘काही विशेष दिसलं नाही’ म्हटलं, तेही खोटं बोलत नव्हते. मंद उजेडात आपले डोळे लाल रंगाला जवळपास आंधळे असतात. कॅमेरा सेकंदामागून सेकंद उजेड साठवतो, म्हणून त्याला दिसतं.

## तापलेलं लोखंड मग सगळे रंग कसं देतं?

चाणाक्ष वाचक इथे अडवणार: अणू ठरावीक रंगच देत असतील, तर पिवळ्या बल्बची तार, तापलेलं लोखंड, सूर्य, हे अखंड इंद्रधनुष्य कसं देतात?

वर सांगितलं ते एकट्या अणूबद्दल, विरळ वायूतल्या. घन पदार्थात अणू खेटून बसतात, प्रत्येकाच्या पायऱ्या शेजाऱ्यामुळे किंचित वरखाली सरकतात, आणि अब्जावधी जिने मिळून पायऱ्यांचा उतार होऊन जातो. शिवाय उष्णतेने सगळेच भार धसमुसळेपणाने हलत असतात. एक गवई एक स्वर लावतो तो ओळखू येतो. जत्रेतल्या गलक्यात सगळेच स्वर असतात. गलका किती वरच्या पट्टीत, हे तापमान ठरवतं. आपल्या अंगाचा गलका अवरक्तात, साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास असलेल्या सूर्याच्या पृष्ठाचा दृश्य प्रकाशात.

पारदर्शकपणाचंही गूढ इथेच उकलतं. काचेतल्या इलेक्ट्रॉनांना वर जायला पुढची मोकळी पायरी इतकी उंच आहे की दृश्य प्रकाशाच्या पाकिटाची उडी तिथवर पोहोचत नाही. पाकीट गिळताच येत नाही, म्हणून ते आरपार जातं. अतिनीलाचं पाकीट वजनदार. खिडकीची साधी काच त्यातला बराचसा भाग अडवते.

## आणि मोबाइलच्या लहरी?

पुन्हा त्या भिंतीपाशी येऊ. शरीरातले रासायनिक बंध तोडायला, म्हणजे डीएनएसारख्या रेणूला थेट इजा करायला, एकाच पाकिटात काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट हवेत. उन्हातल्या अतिनील-बी किरणांच्या पाकिटात साधारण चार असतात. ते डीएनएची मोडतोड करतात, आणि त्वचेच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध पक्का आहे. मोबाइल, वाय-फाय यांच्या पाकिटात इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक लाखावा भाग, किंवा त्याच्या आसपास. हिरव्या उजेडाच्या पाकिटापेक्षा हे लाखाहून जास्त पटींनी हलकं. ५जीच्या वरच्या पट्ट्यातल्या, २८ गिगाहर्ट्झच्या (सेकंदाला २८ अब्ज उंचवट्यांच्या) लहरी घेतल्या तरी वीस हजार पटींनी हलकं. शरीराच्या तापमानामुळे आपले रेणू मुळातच ज्या ऊर्जेने एकमेकांना धक्के देत असतात, ती या पाकिटाच्या दोनशे पटींहून जास्त आहे. आणि मिलिमीटरांत मोजल्या जाणाऱ्या या लहरी काल-परवाच्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकातच कोलकात्यात त्या तयार करून त्यांच्यावर प्रयोग केले होते.

‘पण एकाच्या खांद्यावर दुसरा चढला तर?’ चांगला प्रश्न. दोन पाकिटं एकाच क्षणी गिळली जाऊ शकतात हे मारिया गेप्पर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये गणिताने दाखवलं होतं. ते प्रत्यक्ष बघायला १९६१ साल आणि लेझर लागला, इतकी त्यासाठी प्रखरता हवी. तीही दोनांसाठी. इथे लाखभर माणसांना एकाच क्षणी एकमेकांच्या खांद्यावर उभं राहायचं आहे.

याचा अर्थ या लहरी काहीच करत नाहीत असा नाही. त्या ऊब देतात. मायक्रोवेव्ह ओव्हन तेच करतो: पाण्याचे रेणू हलत्या विद्युत प्रभावाबरोबर वळू पाहतात आणि शेजाऱ्यांवर घासून तापतात. त्यात इलेक्ट्रॉन कुठलीही पायरी चढत नाहीत. (ओव्हनची २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याची ‘खास’ वारंवारता आहे असं जे सांगतात, ते चूक आहे.) म्हणून उपकरणांच्या शक्तीवर मर्यादा घालतात, आणि त्या असायलाच हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात ठेवलं. त्याचा अर्थ पुरावा तुटपुंजा आहे पण दार पूर्ण बंद केलेलं नाही, एवढाच. ऊन मात्र पहिल्या गटात आहे, जिथे पुरावा पुरेसा मानला जातो. टॉवरला घाबरून भर दुपारी उघड्या अंगाने आंदोलनाला बसणं हा हिशोबाने उलटा व्यवहार झाला.

अरोराच्या उजेडाचं उत्तर आता वेगळं द्यायला नको. लाल पाकीट, दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दिव्याच्या उजेडाइतकंच निरुपद्रवी. आणि तो उजेड पेटवणारे कण शंभर किलोमीटरच्या आसपास वरच थांबतात.

## हे जिने विश्वात सगळीकडे सारखेच, हे कशावरून?

तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असं फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कॉम्त यांनी १८३५ मध्ये लिहून ठेवलं. तर्क बरोबर होता. तिथला तुकडा कोण आणणार? पण त्याआधीच, १८१४ मध्ये, योझेफ फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या इंद्रधनुष्यात पाचशेहून जास्त काळ्या रेघा मोजल्या होत्या. सूर्याच्या बाहेरच्या थरातले अणू आपापल्या पायरीच्या मापाची पाकिटं वाटेतच गिळतात, त्या जागा काळ्या राहतात. कोणती रेघ कुणाची हे १८५९-६० मध्ये किरखॉफ आणि बुन्सेन यांनी लावून दिलं आणि ताऱ्यांचं रसायन खुलं झालं.

१८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात ज्यूल जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या तेजस्वी रेघा पाहिल्या. दोन महिन्यांनी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच रेघा ग्रहणाशिवाय पाहिल्या. त्यातली पिवळी रेघ सोडियमची वाटत होती, पण किंचित बाजूला पडत होती. लॉकियर यांनी ती नव्या मूलद्रव्याची मानली, हेलियमची. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ साल लागलं.

या यशाने हुरळून पुढे चूकही झाली. विल्यम हगिन्स यांना १८६४ मध्ये एका तेजोमेघात हिरवी रेघ दिसली होती, कुठल्याच ज्ञात जिन्यात न बसणारी. तिच्यासाठीही ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो निघाला आपला ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि अशाच एका अवघड उतरणीवरून निवांत उतरणारा. तेजोमेघ अरोराहूनही विरळ असतो.

राहता राहिला तो शेवटचा आक्षेप: आपल्या आसपासचे तारे ठीक, पण फार दूरवर, फार पूर्वी, अणूंचे नियम वेगळे असतील तर? १९६३ मध्ये मार्टेन श्मिट ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण विचित्र वस्तूचा वर्णपट समोर ठेवून बसले होते. रेघा होत्या, पण एकही ओळखीच्या जागी नव्हती. मग त्यांच्या लक्षात आलं की रेघांमधलं प्रमाण ओळखीचं आहे. ती बाल्मरची मालिका होती, साध्या हायड्रोजनची, अख्खीच्या अख्खी सुमारे १६ टक्के लालकडे सरकलेली, कारण विश्वाच्या प्रसरणात वाटेवरच तिच्या लहरी ताणल्या गेल्या होत्या. तो उजेड तिथून निघाला त्याला सुमारे दोनशे कोटी वर्षं झाली होती. पायऱ्यांचं प्रमाण मात्र तेच होतं, बाल्मर मास्तरांनी मोजलेलं.